बेचाळीस अंश

पहाटे ४:३०
बाहेर उणे नऊ. फेब्रुवारी. गुन्मा प्रांतातलं कुसात्सु गाव, उंची बाराशे मीटर, टोकियोपासून बसने चारेक तासांवर. कडेला कमरेएवढा बर्फ साचलाय, पण रस्ता मात्र उघडा आणि ओला. त्याच्या पोटातून गरम पाण्याचे पाइप गेलेत. हवेत गंधकाचा वास. पहिल्या दिवशी तो नाकात बसतो, दुसऱ्या दिवशी जाणवत नाही.

युमोरी मागच्या दाराने आत येतात. युमोरी म्हणजे गरम पाण्याची राखण करणारा माणूस. वय सदुसष्ट, अंगाने किरकोळ, हात मात्र मोठे. हॉटेल लहान, बारा खोल्यांचं. गिऱ्हाईक ओन्सेनसाठी, म्हणजे झऱ्याच्या पाण्यात बसायला येतं. इथलं पाणी कुणी तापवत नाही. ते तापलेलंच येतं, पन्नास अंशांच्या वर. माणूस बसू शकतो बेचाळीस-त्रेचाळीसला. मधले आठ-दहा अंश उतरवायचे, हे युमोरींचं काम.

ते गुडघ्यावर बसतात आणि कोपरापर्यंत हात हौदात घालतात. तोंडाने काहीतरी पुटपुटतात. मग लाकडी चौकटीतला थर्मामीटर सोडतात. चाळीस. रात्री पारा जास्त उतरला, हौद गार पडला. पाणी जिथून हौदात पडतं तिथे लाकडी पन्हळ आहे. पन्हळीच्या तोंडाशी एक पाचर. युमोरी ती पाचर बोटभर मागे ओढतात. धार जाड होते. एवढंच. थांबायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा हात घालायचा.

नळाचं थंड पाणी सोडलं तर उन्हाळ्यात सगळं चुटकीसरशी होईल. या घरात ते चालत नाही. पाण्यात पाणी घातलं की ते पातळ होतं, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते जसंच्या तसं पाणी मिळावं म्हणून.

५:२०
पहिली गिऱ्हाइकं. युकाता, म्हणजे सुती झगा, घातलेले दोन म्हातारे, हातात छोटा पंचा. मीही त्यांच्या मागोमाग पुरुषांच्या बाजूला जातो. कपडे वेताच्या टोपलीत. अंगावर काही ठेवायचं नाही. आत मोरीपाशी बुटक्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, फेसाचा थेंब राहू द्यायचा नाही. हौद अंग धुवायला नसतो, धुतलेलं अंग बुडवायला असतो. मग लाकडी पात्राने हौदातलंच पाणी घेऊन पायांवर, मांड्यांवर, खांद्यांवर. एक म्हातारा डोक्यावर ओततोय. दहा वेळा, पंधरा वेळा. कढत पाण्यात एकदम उतरलं तर भोवळ येते, म्हणून डोक्याला आधी सवय करायची. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर.

उतरलो. पोटरीला खरचटलं होतं, तिथे लगेच झोंबलं. पाण्याचा पीएच दोनच्या आसपास, लिंबाच्या रसासारखा. जंतू यात टिकत नाहीत. त्वचेच्या रोगांसाठी लोक इथे शतकानुशतकं आले ते यामुळे. एर्विन फॉन बेल्त्स हा जर्मन डॉक्टर १८७६ मध्ये जपानात शिकवायला आला आणि त्याने कुसात्सुचं नाव युरोपात नेलं. गावात त्याचा पुतळा आहे.

कुणी बोलत नाही. पाच मिनिटांनी म्हातारे उठतात, काठावर बसतात, पुन्हा उतरतात. जास्त वेळ बसण्यात शहाणपण नाही, हे त्यांना ठाऊक आहे. निघताना अंगावर साधं पाणी घेत नाहीत, नुसतं पुसतात.

७:३०
जेवणघरात नाश्ता. भात, मिसो सूप, भाजलेला मासा, लोणचं. वाढणारी मुलगी नेपाळची, चितवनची. वय चोवीस. माझ्याशी हिंदीत बोलते, मला ‘दाइ’, म्हणजे दादा, म्हणते. दोन वर्षं भाषा शिकली, मग इथे आली. सकाळी सहा ते दहा, दुपारी तीन ते रात्री साडेआठ. मधले पाच तास तिचे, पण त्यांचे पैसे नाहीत. अशी दुभंगलेली पाळी इथल्या जवळजवळ प्रत्येक हॉटेलात असते, कारण काम सकाळी आणि संध्याकाळीच असतं.

गुन्मातलं किमान वेतन २०२४ च्या ऑक्टोबरात तासाला ९८५ येन झालं. तिला १,०५० मिळतात. खोलीचे महिन्याला १५,००० कापले जातात. दोन वेळचं जेवण हॉटेलचं. महिन्याला ८०,००० येन घरी जातात. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू आहे.

तिच्या बोटात अंगठी नाही. आईने दिलेली चांदीची होती. आल्यावर पहिल्याच आठवड्यात काळी ठिक्कर पडली. आता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सूटकेसमध्ये ठेवलीय. इथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, चांदीवर तो बसतोच. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर पाटी आहे, दागिने काढून ठेवा म्हणून. तिला कुणी पाटी दाखवली नव्हती.

९:३०
न्हाणीघरं बंद. आजच्या दिवसातलं सर्वांत जड काम आता सुरू होतं.

युमोरी रबरी बूट चढवतात आणि हौदाच्या तळाचं लाकडी बूच काढतात. हौद तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल. म्हणजे ३,६०० लिटर पाणी. ते रिकामं व्हायला बराच वेळ लागतो. तोवर ते खिडक्या, झरोके सताड उघडतात. हे आधी, बाकी नंतर. वाफेबरोबर गॅस कोंडला तर खाली वाकून काम करणाऱ्याला चक्कर येते, जीवही जातो. गिऱ्हाइकांना थंडी वाजली तरी इथला वरचा झरोका रात्रीसुद्धा पूर्ण मिटत नाही.

पाणी ओसरतं तसा तळाशी पांढुरका साका दिसतो. यूनोहाना, गंधकाची साय. बोटाने उचलली तर लोण्यासारखी सुटते. फळ्यांच्या सांध्यांत ती धरून बसते, आणि तिच्यावरून पाय सटकतो. दहा वर्षांपूर्वी युमोरी असेच सटकले. मनगट मोडलं. ते डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही.

साबण नाही. डिटर्जंट नाही. लांब दांड्याचा ब्रश, आखूड दांड्याचा ब्रश, आणि काठांसाठी हातात मावेल असा गवती कुंचा. लाकूड सायप्रसचं आहे, आडवं घासलं तर रेषा उठतात, म्हणून फळीच्या शिरेबरोबरच हात चालवायचा. ते एका टोकापासून सुरू करतात आणि मागे मागे सरकतात. दोन्ही गुडघ्यांवर. पंधरा मिनिटांत पाठीवर घामाचा पट्टा. बाहेर उणे सहा आहे.

मी दुसरा ब्रश मागतो. ते देतात. पाच मिनिटांनी माझ्या हातून घेऊन दांडा कुठे धरायचा ते दाखवतात. मुठीत आवळायचा नाही. वरच्या हाताने फक्त दिशा, जोर खालच्या हाताचा.

पाणी आंबट असल्याने इथे सगळं झिजतं. हौदात एकही खिळा नाही. मोरीचे नळ चार वर्षांत बदलावे लागतात. ब्रशचे तंतू दीड-दोन महिन्यांत बोथट होतात, एक ब्रश १,८०० येनचा. बूट सहा महिने. खोल्यांमधले एसी आणि टीव्ही इतर गावांपेक्षा लवकर मरतात. ओकामी, म्हणजे मालकीणबाई, दुरुस्तीची वही वेगळी ठेवतात. पाणी जमिनीतून आपोआप येतं, त्या म्हणाल्या, आणि आल्यावर घर खायला लागतं.

पुरुषांचा हौद झाला की बायकांचा. मग बाहेरचा उघड्यावरचा छोटा दगडी हौद. तिथे रात्रीचा बर्फ फावड्याने बाजूला करायचा. तीन हौद, अडीच तास.

१२:०५
बूच घट्ट ठोकलं. पन्हळीची पाचर काढली. पाणी यायला लागलं, मिनिटाला तीस लिटर. हिशोब सरळ आहे, एक हौद भरायला दोन तास.

मधली सुट्टी सोडली तर युमोरींचे पहाटेपासूनचे सहा तास झाले. दुपारी दोन ते चार अजून दोन. आठ तासांचे पैसे, तासाला १,१५०. घर गल्लीपलीकडेच आहे, त्यामुळे संध्याकाळी आणि रात्री ‘जरा बघून जाणं’ त्यात धरलेलं नाही. ते मी विचारलं नव्हतं. नेपाळच्या मुलीने सांगितलं.

१२:४५
मधल्या वेळात मी उतारावरून गावात जातो. मध्यभागी युबाताके. गरम पाण्याचा झरा जमिनीतून उसळतो, मिनिटाला ४,००० लिटर, आणि लाकडी पन्हळींच्या रांगेतून वाहत जातो. वाहता वाहता निवतो. तळाशी बसलेला गंधक ठरावीक काळाने खरवडून काढतात, वाळवतात, विकतात. भोवतालचा दगडी कठडा चित्रकार तारो ओकामोतो यांनी आखलेला, १९७५ मधला. सगळ्या झऱ्यांचं मिळून इथे मिनिटाला ३२,००० लिटरच्या वर पाणी आपणहून वर येतं. पंप लावावा लागत नाही. उष्णता शेजारच्या ज्वालामुखीची. २३ जानेवारी २०१८ ला त्याच डोंगररांगेतल्या मोतोशिराने शिखराचा उद्रेक झाला. स्की करणाऱ्यांवर दगड पडले, सैन्यातला एक जण गेला. गाव काही किलोमीटर लांब, तरी आरक्षणं धडाधड रद्द झाली. ओकामींच्या वहीत त्या फेब्रुवारीचं पान जवळजवळ कोरं आहे.

वापरलेलं पाणी खाली युकावा नदीत जातं. लोखंडी खिळा या पाण्यात दहा दिवसांत सुईएवढा उरतो. सिमेंटचे पूल टिकत नव्हते, खालच्या शेतांना पाणी चालत नव्हतं, मासे नव्हते. म्हणून १९६४ पासून इथे चुनखडीची पूड पाण्यात कालवून नदीत सोडतात. रोज पन्नास टनांहून जास्त, चोवीस तास, सणावारीसुद्धा. पुलावर उभं राहिलं की दिसतं. वरून निळसर नितळ पाणी येतं, एका पाइपातून दुधाळ धार पडते, आणि पुढे नदी पांढरी होऊन जाते. आपण वर पाच मिनिटं अंग शेकतो, ते खाली असं निस्तरावं लागतं.

गावाबाहेर आणखी एक जागा आहे, तीही या पाण्यामुळेच. कुष्ठरोगी इथे बरं व्हायला येत. खालच्या अंगाला त्यांची युनोसावा नावाची वस्ती झाली. त्यांची दुकानं होती, हॉटेलं होती, लग्नं होत. १९३२ मध्ये सरकारने कुर्यु राकुसेन-एन हे रुग्णालय काढलं आणि पुढे वस्ती मोडून लोकांना तिकडे हलवलं. तिथे १९३८ ते १९४७ या काळात एक कोठडी होती. देशभरातले ‘ऐकत नाहीत’ असे रोगी तिच्यात डांबले जात. हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरे, आत शेगडी नव्हती. ९३ जणांना कोंडलं, २३ मेले. रोग्यांना कोंडण्याचा कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडलं. कोठडीचा पाया अजून बर्फाखाली आहे. गावात आलेला पाहुणा तिथे क्वचितच जातो. त्याने जायला हवं असं मला वाटतं.

१४:१०
हौद भरले. थर्मामीटर सत्तेचाळीस दाखवतो. पहिलं गिऱ्हाईक तीनला येईल.

युमोरी भिंतीला टेकवलेली फळी घेतात. सहा फूट लांब, फूटभर रुंद, कडा घासून गोल झालेल्या. ती उभी पाण्यात खुपसायची, तळापासून वळवायची, वर आणायची, दुसरीकडे वळवायची. खालचं पाणी वर, वरचं खाली. हेच युमोमी. गावात नेत्सुनोयु नावाची इमारत आहे, तिथे बायका हौदाभोवती उभ्या राहून गाणं म्हणत हे करून दाखवतात, लोक तिकीट काढून बघतात. इथे गाणं नाही. फळी काठाला लागल्याचा टक् आणि पाण्याचा धबधब, एवढेच आवाज.

खांद्याने केलं तर माणूस दहा मिनिटांत थकतो. ते कमरेने करतात. पाय फाकलेले, उजवा जरा पुढे. पाणी हळूहळू एका लयीत उचंबळायला लागतं, आणि मग फळी फक्त त्या लयीबरोबर फिरवायची. पंधरा मिनिटं. पंचेचाळीस. थोडं थांबून पुन्हा दहा. त्रेचाळीस आणि वर काहीतरी. नुसतं गार होणं हा यातला अर्धाच भाग. ढवळलेलं पाणी अंगाला कमी टोचतं. मी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हात घालून पाहिला. अंशांचा फरक होताच, पण धारही बोथटली होती.

नेपाळची मुलगी तीनच्या आधीच आलीय. काठाशी उकिडवी बसते, हात घालते, डोळे मिटते.
‘त्रेचाळीस?’
युमोरी थर्मामीटर वर काढून तिला दाखवतात. साडेत्रेचाळीस.
‘पुरुषांचं. बायकांचं अर्धा अंश कमी ठेव.’
ती मान हलवते. दोन महिन्यांपूर्वी तिच्यात आणि थर्मामीटरमध्ये दोन अंशांचं अंतर असायचं. हे शिकण्याचे पैसे कुणी देत नाही, तिला शिक म्हणून कुणी सांगितलंही नाही. युमोरींना मुलगा आहे, तो ताकासाकीत मोटारींचे सुटे भाग विकतो.

१५:००
बस आली. छत्र्या, चाकांच्या बॅगा, ओले बूट. आज एकवीस माणसं. ओकामी दारात वाकून नमस्कार करतात. चहा आणि लाल डाळीचं सारण भरलेला तपकिरी मान्जु. तासाभरात निम्मे लोक पाण्यात.

१७:४५
संध्याकाळी हौद सांभाळणं वेगळं. प्रत्येक अंग पाण्यात उतरताना थोडी उष्णता घेऊन जातं. सहा माणसं एकदम आली की अर्धा-एक अंश पडतो. मग ती निघून जेवायला गेली की पाणी चढायला लागतं. बाहेरच्या हौदावर बर्फ पडू लागला, तो आणखी निराळा हिशोब. युमोरी घरी आहेत. मुलगी ताटं वाढता वाढता दोनदा पळत जाऊन पाचर हलवून येते. न्हाणीघरात कुणी नाही ना, हे आधी ओरडून विचारते. जेवणाची नऊ-नऊ भांडी प्रत्येकी. एकवीस माणसं. ती सगळी दुसऱ्या मजल्यावर हातांनी न्यायची, लिफ्ट नाही.

मग फुतोन. खोलीतलं टेबल बाजूला, तातामीच्या चटयांवर गाद्या, पांढरी खोळ, जाड रजई. एका खोलीला सहा मिनिटं. तिचं लक्ष खोळीच्या कोपऱ्यावर. तो टोकदार बसला नाही तर ओकामी परत करायला लावतात.

२०:००
नोरेन बदलायची वेळ. न्हाणीघरांच्या दारांवरचे पडदे, निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. दोन्ही हौद सगळ्यांना मिळावेत म्हणून रात्री अदलाबदल. युमोरी गल्ली ओलांडून येतात. आधी दोन्ही रिकामी आहेत याची खात्री. मग पडदे, मग पाट्या, मग आतली स्टुलं आणि पात्रं पुन्हा रांगेत. आता निळ्या पडद्याआडचं पाणी अर्ध्या अंशाने वाढवायचं, लाल पडद्याआडचं कमी.

पंचविशीतला एक जण बाहेर येतो, अंग लालबुंद. पाणी फार कढत आहे, थंड नळ कुठाय? युमोरी वाकतात. नळ दाखवत नाहीत. फळी घेऊन आत जातात, पाच मिनिटं फिरवतात. मग त्या पोराला पन्हळीपासून लांबच्या कोपऱ्यात बसवतात. तिथे पाणी नेहमीच अंशभर गार असतं. आधी डोक्यावर वीस पात्रं, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग खांदे, आणि हलायचं नाही. हललं की नवं कढत पाणी अंगाला लागतं. पोरगा उतरतो. तीन मिनिटं बसतो. पुन्हा नळाबद्दल विचारत नाही.

२०:४०
मुलगी एप्रन काढते. हातांच्या बोटांना भेगा. ओकामींनी दिलेला मलम लावते. बायकांचा हौद अकरापर्यंत उघडा आहे, कर्मचाऱ्यांना त्यात जायची मुभा सर्व गिऱ्हाइकं झाल्यावर. ‘आज नको,’ ती म्हणते. सकाळी सहाला परत यायचंय. भावाचा फोन यायचाय.

युमोरी वही भरतात. वेळ, बाहेरची थंडी, तिन्ही हौदांचं तापमान, पाचर किती बोटं. मागची वही दाखवा म्हटलं तर कपाटातून तेवीस वह्या निघाल्या. गेल्या वर्षीचं याच तारखेचं पान त्यांनी काढलं. तेव्हा उणे चार होतं. आज उणे दहा आहे, पुढे उणे बाराचा अंदाज. पाचर दोन बोटं मागे. पन्हळीवर फळी झाकतात, म्हणजे वाटेत पाणी निवणार नाही.

२१:३०
युमोरींचं स्वतःचं स्नान हॉटेलात होत नाही. गल्लीच्या टोकाला वस्तीचं न्हाणीघर आहे. कुसात्सुत अशी बरीच. युबाताकेजवळच्या शिराहाता-नो-यु सारखी काही पाहुण्यांनाही खुली, फुकट. काही फक्त रहिवाशांची. हे रहिवाशांचं. युमोरींच्या ओळखीने मला आत घेतात. दार उघडलं की सरळ कपड्यांच्या फडताळापाशीच. खोली दहा बाय दहाची, हौद चार माणसांचा. पाणी शेहेचाळीस. मी मांड्यांपर्यंतच गेलो.

आत तिघे. एक बस ड्रायव्हर, एक मान्जुच्या दुकानाचा म्हातारा, एक प्लंबर. बर्फ, मग गुडघे, मग कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण. युमोरी हात घालून पाहत नाहीत, सरळ उतरतात, मानेपर्यंत.

इथे नोकरीचा युमोरी नाही. वस्तीतली घरं पाळीपाळीने हौद घासतात. भिंतीवर तक्ता लावलाय. पूर्वी पाळी सात आठवड्यांनी यायची. घरं बंद पडत गेली, आता चार आठवड्यांनी येते. मान्जुवाल्याचे गुडघे वाकत नाहीत, या रविवारची त्याची पाळी. तो प्लंबरकडे बघतो. प्लंबर म्हणतो, रविवारी मला माएबाशीला जायचंय, पाइप फुटलाय.

‘मी करीन,’ युमोरी म्हणतात. ‘पण ब्रश नवा आणा. इथल्याचे केस गेलेत.’

मान्जुवाला १,८०० येनला चार घरांनी भागून बघतो. साडेचारशे. ड्रायव्हर म्हणतो, माझे उद्या देतो.